सायकल शर्यत, श्रमणारा देह आणि यंत्रसंगीत : 'टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स' (२००३) या अल्बमचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

जर्मनीतील 'क्राफ्टवेर्क' या वाद्यवृंदाने २००३ साली 'टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स' हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा अल्बम प्रसिद्ध केला. फ्रान्समधील जगप्रसिद्ध सायकल शर्यतीच्या शताब्दीचे निमित्त त्यास होते. प्रस्तुत शोधनिबंधात या अल्बमची पार्श्वभूमी, त्याची घडण व त्यात व्यक्त झालेला मानव-यंत्र संबंध यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. महाराष्ट्रातील श्रमगीतांची परंपरा आणि सायकलीचा सामाजिक इतिहास यांच्या संदर्भात या कलाकृतीचे स्थान काय, याचीही चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : सायकल शर्यत, इलेक्ट्रॉनिक संगीत, श्रमगीत, मानव-यंत्र संबंध, उत्तेजक द्रव्ये.

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या सांस्कृतिक इतिहासात यंत्राला मध्यवर्ती स्थान आहे. रेल्वे, मोटार, विमान, रेडिओ व संगणक या यंत्रांनी माणसाचे जगणे बदलले, त्याचप्रमाणे त्याची कलाही बदलली. या यंत्रांच्या मालिकेत सायकलीचे स्थान वेगळे आहे. रेल्वे किंवा मोटार चालण्यास कोळसा वा तेल लागते. सायकल चालते ती माणसाच्या स्वतःच्या बळावर. ती यंत्र असूनही माणसाला श्रमातून मोकळे करीत नाही. उलट त्याच श्रमातून अधिक अंतर कापण्याची सोय करून देते. म्हणूनच माणूस आणि यंत्र यांच्यातील नात्याचा विचार करताना सायकल हे अत्यंत बोलके उदाहरण ठरते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला सायकलीचा परिचय प्रामुख्याने उपयोगाची वस्तू म्हणून आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा व तत्सम गावांच्या परिसरात दूधवाला, पोस्टमन, शेतमजूर व शाळकरी मुले यांच्या नित्य जीवनाशी सायकल जोडली गेली. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील, घरापासून शाळा दूर असलेल्या मुलींना सायकली देण्यात आल्या, यावरूनही तिचे शैक्षणिक व सामाजिक मोल ध्यानात येते. परंतु हीच सायकल युरोपात एका प्रचंड क्रीडास्पर्धेचे आणि पुढे एका संगीतकृतीचे केंद्र कशी बनली, हा इतिहास मराठी वाचकास तुलनेने अपरिचित आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) 'टूर द फ्रान्स' या शर्यतीच्या उदयाची ऐतिहासिक कारणे पाहणे.
२) 'क्राफ्टवेर्क'च्या १९८३ च्या गीतापासून २००३ च्या अल्बमपर्यंतच्या प्रवासाचा आढावा घेणे.
३) या अल्बममधील मानवी देहाच्या चित्रणाची चिकित्सा करणे.
४) महाराष्ट्रातील श्रमगीते व यंत्रसंगीत यांच्याशी त्याची तुलना करणे.

शर्यतीचा उदय : वृत्तपत्रांची स्पर्धा

'टूर द फ्रान्स' या शर्यतीचा जन्म क्रीडाप्रेमातून झाला, त्यापेक्षा अधिक तो वृत्तपत्रांच्या व्यवसायातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये 'ल व्हेलो' हे हिरव्या कागदावर छापले जाणारे क्रीडादैनिक आघाडीवर होते. द्रेफ्यूस प्रकरणाने त्या काळी फ्रेंच समाज दुभंगला होता. या दैनिकाचे संपादक पिअर जिफार हे द्रेफ्यूसच्या बाजूचे होते. त्यांच्याशी मतभेद झालेल्या उद्योगपतींनी १९०० साली प्रतिस्पर्धी दैनिक सुरू केले व त्याचे संपादकपद आँरी देग्रांज यांच्याकडे दिले. पिवळ्या कागदावर छापले जाणारे हे दैनिक १९०३ पासून 'लोतो' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याचा खप वाढत नव्हता. तेव्हा जेओ लफेव्र या तरुण पत्रकाराने संपूर्ण फ्रान्सला वळसा घालणाऱ्या सायकल शर्यतीची कल्पना मांडली.

पहिली शर्यत १ जुलै १९०३ रोजी सुरू झाली. एकूण अंतर २,४२८ किलोमीटर होते आणि ते अवघ्या सहा टप्प्यांत कापावयाचे होते. पॅरिस ते लिऑन हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा होता. ६० स्पर्धक निघाले, त्यांपैकी २१ जणांनीच शर्यत पूर्ण केली. विजेता मॉरिस गारँ हा पूर्वी धुराडी साफ करण्याचे काम करीत असे. शर्यतीमुळे 'लोतो'चा खप सुमारे २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला असे सांगितले जाते. प्रतिस्पर्धी 'ल व्हेलो' लवकरच बंद पडले. आघाडीवरील स्पर्धकास पिवळा सदरा देण्याची प्रथा १९१९ मध्ये सुरू झाली.

प्रारंभीच्या काळात या शर्यतीमागे एक कठोर तत्त्व होते : स्पर्धकाने आपल्या यंत्रासह एकट्याने झुंजावे. १९१३ साली युजेन क्रिस्तोफ या स्पर्धकाच्या सायकलीचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाट उतरताना मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो सुमारे १४ किलोमीटर पायी चालला, एका लोहाराच्या शाळेत पोहोचला आणि स्वतःच्या हाताने त्याने तो चिमटा जोडला. मात्र एका मुलाने त्याच्यासाठी भाता चालविला, म्हणून पंचांनी त्याला दंड केला. दात्यांचे चक्र बदलून वेग कमी-अधिक करण्याची सोय व्यावसायिक स्पर्धकांना १९३७ पर्यंत वर्ज्य होती. यंत्राने माणसाचे काम फार हलके करू नये, ही देग्रांज यांची भूमिका या नियमांमागे दिसते.

यंत्रध्वनीची परंपरा आणि 'क्राफ्टवेर्क'

यंत्राच्या आवाजाला संगीताचा दर्जा देण्याचा विचार याच कालखंडात आकारास येत होता. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने १९१३ साली गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला. १९४८ मध्ये पॅरिस येथे पिअर शेफर यांनी रेल्वेचे ध्वनिमुद्रित आवाज जोडून रचना केली. पुढे १९५० च्या दशकात जर्मनीतील कोलोन येथील नभोवाणी केंद्राच्या ध्वनिशाळेत केवळ विद्युत्निर्मित स्वरांचे संगीत घडू लागले आणि १९६४ पासून रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरमुळे हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर आले.

या पार्श्वभूमीवर १९७० साली ड्युसेलडॉर्फ येथे राल्फ ह्यूटर व फ्लोरियान श्नायडर यांनी 'क्राफ्टवेर्क' हा वाद्यवृंद स्थापन केला. 'क्राफ्टवेर्क' या जर्मन शब्दाचा अर्थ वीजनिर्मिती केंद्र असा होतो. महायुद्धोत्तर जर्मन तरुणांना आपल्या लगतच्या भूतकाळाशी नाते सांगणे अवघड होते आणि अमेरिकी संगीताचे अनुकरणही त्यांना पुरेसे वाटत नव्हते. ह्यूटर आणि श्नायडर यांनी आपला विषय भोवतालच्या औद्योगिक जीवनातून निवडला. महामार्गावरील 'आउटोबान' (१९७४), रेल्वेवरील 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' (१९७७), 'द मॅन-मशीन' (१९७८) व 'कॉम्प्युटर वर्ल्ड' (१९८१) हे त्यांचे अल्बम या दृष्टीने क्रमाने पाहण्यासारखे आहेत. मोटार, आगगाडी, यंत्रमानव व संगणक यांनंतर ते सायकलीकडे वळले, ही बाब लक्षणीय आहे. अधिकाधिक स्वयंचलित यंत्रांकडे जाणारा हा प्रवास एकाएकी माणसाच्या पायांवर चालणाऱ्या यंत्रापाशी येऊन थांबला.

या वळणाचे कारण त्यांच्या जीवनक्रमातही होते. १९८० च्या सुमारास ह्यूटर व श्नायडर यांना सायकलीचा छंद जडला. कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असताना मुक्कामाच्या बऱ्याच आधी बसमधून उतरून उरलेले अंतर सायकलीने कापण्याची सवय ह्यूटर यांनी लावून घेतली होती. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'टूर द फ्रान्स' या एकाच गीताच्या ध्वनिमुद्रिकेत साखळीचा खडखडाट, यंत्राची घरघर आणि माणसाचा धापा टाकणारा श्वास हे आवाज ठेक्याचा भाग म्हणून वापरले गेले. त्याचे शब्द फ्रेंच होते. पाउल हिंडेमिट या जर्मन संगीतकाराच्या बासरी व पियानोसाठीच्या १९३६ च्या रचनेशी त्याच्या धुनेचे साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे. वेष्टनावरील चित्र हंगेरीच्या एका टपाल तिकिटावर आधारलेले होते. त्याच सुमारास ह्यूटर यांना सायकलीवरून पडून डोक्यास गंभीर दुखापत झाली. नियोजित अल्बम लांबणीवर पडला आणि १९८६ मध्ये तो वेगळ्या नावाने व या गीताविना प्रसिद्ध झाला. परिणामी सायकलीविषयीची मूळ कल्पना वीस वर्षे अपुरी राहिली.

२००३ चा अल्बम : रचना व आशय

शर्यतीच्या शताब्दीनिमित्त ही कल्पना पुन्हा हाती घेण्यात आली. सतरा वर्षांच्या खंडानंतर आलेला हा 'क्राफ्टवेर्क'चा नव्या रचनांचा पहिला अल्बम ऑगस्ट २००३ मध्ये, म्हणजे त्या वर्षीची शर्यत संपल्यावर, बाजारात आला. जर्मनीच्या विक्रीसूचीत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तोवर मायदेशी त्यांच्या कोणत्याही अल्बमला हे स्थान लाभले नव्हते. ह्यूटर, श्नायडर, फ्रिट्झ हिल्पर्ट व हेनिंग श्मिट्झ या चौघांचा वाद्यवृंद या काळात कार्यरत होता.

अल्बममध्ये बारा रचना आहेत. त्यांचा क्रम शर्यतीच्या क्रमाशी जुळणारा आहे. प्रारंभी 'प्रोलोग' ही छोटी रचना आहे. शर्यतीतही पहिल्या मुख्य टप्प्यापूर्वीच्या लहान स्पर्धेस हेच नाव आहे. त्यानंतर तीन 'एताप' म्हणजे टप्पे व 'क्रोनो' म्हणजे घड्याळाशी लावलेली शर्यत या रचना येतात. त्या एकमेकींत मिसळतात, मध्ये विराम नाही. स्वर फारसा चढत नाही, ठेका तुटत नाही. लांबच्या सपाट रस्त्यावर एका गतीने पायडल मारणाऱ्या स्वाराची अवस्था या पुनरावृत्तीतून उभी राहते. विजयाचा जल्लोष येथे नाही. एखाद्या स्पर्धकाचे नाव घेऊन त्याची थोरवी गाण्याचा मोहही टाळलेला आहे.

उत्तरार्धात विषय रस्त्यावरून देहाकडे वळतो. 'व्हिटामिन' या रचनेत क्षार, जीवनसत्त्वे व शरीरातील स्राव यांची नावे एका संथ सुरात उच्चारली जातात. 'एरो डायनामिक' व 'टिटॅनियम' या रचना वाऱ्याचा विरोध व सायकलीच्या सांगाड्याचा धातू यांच्याशी संबंधित आहेत. 'एलेक्ट्रो कार्डिओग्राम' या रचनेत हृदयाचे ठोके व श्वास हेच तालवाद्य बनतात. 'ला फॉर्म' व 'रेजेनेरासियाँ' या रचना शरीराची सिद्धता व श्रमानंतरची विश्रांती यांवर आहेत. शेवटी १९८३ चे मूळ गीत पुन्हा येते.

यावरून असे दिसते की, १९७८ मध्ये यंत्रासारखा होऊ पाहणारा माणूस हा ज्यांचा विषय होता, त्यांनी २००३ मध्ये माणसाच्या हृदयालाच यंत्राच्या ठिकाणी बसविले. ठेका देणारे साधन बाहेर नसून देहात आहे, ही या अल्बमची मुख्य भूमिका म्हणता येईल.

मोजलेला देह व रिकामा रकाना

तथापि या भूमिकेची दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. हृदयाचे ठोके, श्वास, क्षार व स्राव यांच्या मोजमापात देह उलगडला की तो सुधारण्याचा, प्रसंगी कृत्रिम उपायांनी वाढविण्याचा मार्गही खुला होतो. या शर्यतीच्या इतिहासात उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न जुना आहे. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्प्सन हा ब्रिटिश स्पर्धक व्हाँतू पर्वताच्या चढावर कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य आढळले. १९९८ मध्ये 'फेस्टिना' या संघाच्या मोटारीत बंदी असलेल्या औषधांचा मोठा साठा सापडला. रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे 'इपीओ' हे द्रव्य त्या काळी संघासंघांत पसरले होते.

ज्या शताब्दी शर्यतीच्या निमित्ताने हा अल्बम निघाला, ती २००३ ची शर्यत लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकी स्पर्धकाने ताशी सुमारे ४१ किलोमीटर वेगाने जिंकली होती. १९०३ मध्ये गारँचा सरासरी वेग ताशी २६ किलोमीटरच्या आत होता. २०१२ साली आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ या काळातील सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि त्या जागी दुसऱ्या कोणास विजेता घोषित करण्यात आले नाही. शताब्दीच्या वर्षातील विजेत्याचा रकाना त्यामुळे इतिहासात रिकामा आहे.

या वस्तुस्थितीच्या प्रकाशात 'व्हिटामिन' ही रचना आज वेगळी ऐकू येते. तिच्यात निषिद्ध द्रव्यांचे गौरवगान नाही, हे खरे. परंतु त्यांचा निषेधही नाही. फेस्टिना प्रकरणानंतर अवघ्या पाच वर्षांनी निघालेल्या कलाकृतीने या प्रश्नाविषयी मौन पाळावे, ही तिची मर्यादा मानावी लागेल. त्याच वेळी हेही नमूद केले पाहिजे की, या अल्बमने कोणत्याही विजेत्याचा गौरव केला नसल्यामुळे विजेत्याच्या पतनाने तो खोटा ठरला नाही. त्याने श्रम गायिला, यश गायिले नाही. त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांतील स्तुतिलेख आज वाचवत नाहीत. अल्बम मात्र ऐकला जातो, याचे कारण या निवडीत आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

श्रमाच्या लयीतून गीत उगवणे ही गोष्ट मराठी मनाला नवी नाही. जात्यावरची ओवी, मोटेवरचे गाणे, शेतातील भलरी ही सर्व श्रमगीते होत. जात्याची घरघर हा ओवीचा आधारस्वर असतो आणि दळणारीच्या हाताची फेरी हा तिचा ताल. जाते हेही एक यंत्रच आहे आणि सायकलीप्रमाणेच ते माणसाच्या बळावर फिरते. पिठाची गिरणी गावोगावी आली तेव्हा स्त्रियांचे कष्ट कमी झाले, ही इष्ट गोष्ट घडली; पण त्याबरोबर ओवीचा प्रसंगही संपला. मूळचे फ्रान्सचे असलेले समाजशास्त्रज्ञ गी प्वात्व्हाँ व हेमा राईरकर यांनी एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांची संगणकीय नोंद होऊ लागली. यंत्रामुळे थांबलेले गाणे यंत्रानेच जपले, असा हा इतिहास आहे.

इलेक्ट्रॉनिक संगीतही भारतास परके नव्हते. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरसह ध्वनिशाळा उभी राहिली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर व ड्रम मशीनवर भैरव, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग वाजवून त्यांचा अल्बम काढला. तो तेव्हा दुर्लक्षित राहिला. २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाल्यावर जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. 'क्राफ्टवेर्क'ने सायकलीचे गीत रचले त्याच सुमारास मुंबईत हे घडत होते, हे विशेष.

सायकल शर्यतींची परंपराही महाराष्ट्रात आहे. १९४५ मध्ये सुरू झालेली मुंबई-पुणे शर्यत व तीत बोरघाटाची चढण सर्वप्रथम पार करणाऱ्यास मिळणारा 'घाटाचा राजा' हा किताब मराठी क्रीडारसिकांना परिचित आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेला आरपार ओलांडणारी 'रॅम' ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. मात्र या परंपरेला तिचे स्वतःचे संगीत लाभले नाही. 'जो जीता वही सिकंदर' (१९९२) सारख्या हिंदी चित्रपटात सायकल शर्यत कथेचा कळस बनली; पण त्यातील गाजलेली गाणी प्रेमाची व तारुण्याची आहेत, पायडलची नाहीत. आपल्याकडे ओवी होती, सिंथेसायझर होता आणि घाटाचा राजाही होता; ही तीन सूत्रे एकत्र आली नाहीत, इतकेच.

निष्कर्ष

१) 'टूर द फ्रान्स' ही शर्यत वृत्तपत्रीय स्पर्धेतून जन्मली असली, तरी माणूस व यंत्र यांच्या सीमारेषेचा प्रश्न तिच्या नियमांत प्रारंभापासून होता.
२) 'क्राफ्टवेर्क'च्या कलाप्रवासात सायकल हा यंत्राकडून देहाकडे परतण्याचा टप्पा आहे. १९८३ चे गीत हे त्याचे बीज व २००३ चा अल्बम हा त्याचा विस्तार होय.
३) देहाच्या मोजमापाचे चित्रण करताना उत्तेजक द्रव्यांच्या प्रश्नावर अल्बम मौन पाळतो, ही त्याची मर्यादा आहे. परंतु विजयाऐवजी श्रमास केंद्रस्थानी ठेवल्यामुळे त्याचे मूल्य टिकून राहिले.
४) जात्यावरची ओवी व हा अल्बम यांत माध्यमाचे अंतर मोठे असले, तरी श्रमणाऱ्या देहाची लय हे दोहोंचे समान मूळ आहे.

समारोप

फ्लोरियान श्नायडर २००८ च्या अखेरीस वाद्यवृंदातून बाहेर पडले व एप्रिल २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा सहभाग असलेला नव्या रचनांचा हा अखेरचा अल्बम ठरला. जुलै २०१७ मध्ये 'टूर द फ्रान्स'चा प्रारंभ ड्युसेलडॉर्फ येथून झाला, तेव्हा त्याच शहरात 'क्राफ्टवेर्क'चा कार्यक्रम झाला. एका वृत्तपत्राच्या खपासाठी निघालेली शर्यत आणि तिच्यावर रचलेले यंत्रसंगीत असे शंभराहून अधिक वर्षांनी एका गावात भेटले.

ग्रामीण महाराष्ट्रात सायकलीची जागा आज मोठ्या प्रमाणावर मोटारसायकलीने घेतली आहे. जाते गेले तेव्हा ओव्यांची नोंद घेणारे काही जण तरी होते. शाळेच्या वाटेवरील सायकलीचा, दूधवाल्याच्या घंटीचा व चढावर दाटून येणाऱ्या श्वासाचा इतिहास अद्याप लिहिला जावयाचा आहे. तो लिहिण्याचे काम ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व संगीत विभागांनी एकत्रितपणे हाती घेतल्यास, उपयोगाची वस्तू एवढीच ओळख असलेल्या एका यंत्राचे सांस्कृतिक मोल समोर येईल.